गवती चहा

गवती चहा : (सं. भूस्तृण, गु. लीली चा, लॅ. सिंबोपोगॉन सिट्रेटस, कुल पोएसी). लांब, अरुंद, धारदार कडांच्या निळसर हिरव्या पात्यांचे बहुवर्षायू सुगंधी गवत. ठोंबातून दाट फुटवे येऊन एक ते दीड मीटर उंचीचा झुपका तयार होतो. पाते चुरगळले की लिंबासारखा वास सुटतो. लागवडीतील झुपक्याला फुलोरा क्वचितच येतो, त्यामुळे प्रसार ठोंब फोडूनच करतात. मूलस्थान बहुधा आग्नेय आशियातील बेटांचा प्रदेश; काही लेखक दक्षिण भारत व श्रीलंकाही त्यात धरतात. आज उष्ण कटिबंधातील बहुतेक देशांत हे गवत परसात आढळते. ब्राझीलमध्ये तर ते लोकवैद्यकातील सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींपैकी एक आहे.

चरकसंहितेच्या हरितवर्गात भूस्तृणाचे वर्णन कटु, रूक्ष, उष्ण व मुखशुद्धी करणारे असे आले आहे. ते भूस्तृण म्हणजे आजचा गवती चहाच, यावर मात्र अभ्यासकांचे एकमत नाही.

जवळच्या जाती : याच प्रजातीतील रोशा गवत (सिं. मार्टिनी) खानदेश व निमाड भागांतील तेलाच्या धंद्यामुळे प्रसिद्धीस आले. तेलासाठी भारतात मुख्यतः कोचीन गवत (सिं. फ्लेक्सुओसस) लावतात; केरळातील ओडक्कली येथे त्याचे संशोधन केंद्र १९५१ पासून आहे. ही बाब आरोग्यविषयक दावे वाचताना ध्यानात ठेवावी लागते, कारण ‘लेमनग्रास’ या नावाखाली झालेल्या प्रयोगांतील तेल पुष्कळदा स्वयंपाकघरातील जातीचे नसते.

महाराष्ट्रातील वापर : पात्यांची गाठ मारून किंवा कात्रीने तुकडे करून ती चहाच्या आधणात टाकतात. सोबत आले असते, क्वचित वेलची. पावसाळ्यात भाजीवाल्यांकडे आले, पुदिना व गवती चहा शेजारीशेजारी मिळतात. मुंबईच्या पारशी घरांत गवती चहा आणि पुदिना घातलेला दुधाचा चहा रोजचा आहे. सर्दीपडशात चहापूड व दूध वगळून आले किंवा सुंठ, तुळस, मिरी, गूळ यांसह काढा करतात. ताप उतरावा, घाम यावा, पोटातला वात सरावा हा हेतू. त्याच पाण्याचा वाफाराही घेतात. कोकणात व देशावर हा झुपका पुष्कळदा मोरीच्या सांडपाण्यावर लावलेला असतो. तेथील पाती साबणाचे व मळाचे पाणी पिऊन वाढतात, म्हणून ती वाहत्या पाण्यात चांगली धुऊनच वापरावीत.

गवती चहात कॅफिन नसते. दुधाच्या चहातली तरतरी चहापुडीची असते. ‘गवती चहा घातला म्हणजे चहा औषधी झाला’ असे समजून दिवसात कप वाढवत नेणाऱ्याच्या पोटात साखर व कॅफिनच अधिक जाते.

रसायन : ताज्या पात्यांत बाष्पनशील तेल अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी असते. तेलाचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग सिट्राल, म्हणजे जेरॅनिअल व नेराल या दोन घटकांचे मिश्रण. सिट्रालपासून आयोनोन आणि त्यापासून कृत्रिम अ जीवनसत्त्व बनवतात, म्हणून औषधउद्योगाला या तेलाची गरज भासते. मिरसीन हा दुसरा लक्षणीय घटक. तो परसातल्या जातीत अधिक असतो; त्यामुळे तिचे तेल अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही व बाजारात मागे पडते.

सिट्राल पाण्यात फारसे विरघळत नाही, वाफेबरोबर मात्र सहज निघून जाते. उघड्या पातेल्यात दहा मिनिटे उकळलेल्या काढ्याचा वास घरभर पसरतो आणि कपात थोडाच उरतो. कपातल्या चहाला तेलाचे गुण चिकटवणे मुळातच चुकीचे आहे, ते याच कारणाने. या विषयावरील बहुतेक लोकप्रिय लिखाण ही चूक करते.

ब्राझीलमधील तपासणी : एका घरगुती काढ्याची इतकी पद्धतशीर परीक्षा क्वचितच झाली असेल. साओ पाउलो येथील वैद्यकीय महाविद्यालयातील औषधशास्त्रज्ञ एलिसाल्दो कार्लिनी व त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये तीन लेखांची मालिका प्रसिद्ध केली. तेथील लोक वाळल्या किंवा ताज्या पात्यांवर कढत पाणी ओततात, भांडे झाकून ठेवतात आणि तो चहा मनःशांतीसाठी, झोपेसाठी, पोटदुखीवर व तापावर घेतात. संशोधकांनी प्रयोगशाळेत अर्क न काढता नेमका हाच चहा तपासला. या मालिकेचे मोल त्यातच आहे.

पहिल्या लेखात उंदीर व घुशींवरील प्रयोग आहेत. माणसाच्या नेहमीच्या मात्रेच्या चाळीसपट चहा तोंडावाटे देऊनही प्राण्यांचे तापमान उतरले नाही. साधे नाही आणि मुद्दाम आणलेल्या तापातलेही नाही. आतड्यांच्या हालचालीवर परिणाम दिसला नाही. गुंगी, झोप, आकडी, चिंता यांसाठीच्या बारा चाचण्यांतही तोंडावाटे दिलेला चहा जवळजवळ निष्प्रभ ठरला. पोटाच्या पोकळीत टोचल्यावर काही परिणाम दिसले, पण चहा कोणी टोचून घेत नाही.

दुसऱ्या लेखात विषारीपणा पाहिला. अंदाजित मानवी मात्रेच्या वीसपटीपर्यंतचा चहा घुशींना दोन महिने रोज दिला; अपायाची चिन्हे दिसली नाहीत. गाभण माद्यांना दिल्यावर पिलांत बाह्य व्यंगेही आढळली नाहीत.

तिसरा लेख माणसांविषयी आहे. निरोगी स्वयंसेवकांना एक वेळ, तसेच दोन आठवडे रोज चहा देऊन रक्त, लघवी, हृदयालेख व मेंदूचा विद्युतालेख तपासला. काहींच्या रक्तात बिलिरुबिनचा एक प्रकार व अमायलेज किंचित वाढले, त्रास कोणालाच झाला नाही. मग ५० जणांवर झोपेची चाचणी झाली. कोणाला खरा चहा व कोणाला नकली, हे पिणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही नाही. झोप लागणे, तिची प्रत, मधेच जाग येणे, स्वप्ने आठवणे यांपैकी कशातही फरक पडला नाही. स्वभावतः चिंतातुर असलेल्या १८ जणांना चहा देऊन चिंता वाढवणारी कसोटी घेतली, तीतही चहा आणि नकली चहा सारखेच ठरले.

निष्कर्ष दुहेरी आहे : चहा निर्धोक, पण सांगितलेले गुण सिद्ध होत नाहीत. ब्राझीलमध्येच १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घुशींमध्ये या चहाचा वेदनाशामक परिणाम दिसला व तो मिरसीनमुळे असावा असे सुचवले गेले. माणसांत वेदना कमी होतात असे त्यावरून ठरत नाही.

सर्दीत हा काढा पिऊन बरे वाटते, हा घरोघरचा अनुभव खोटा नाही. त्याचे श्रेय बरेचसे गरम पाण्याचे असावे. कार्डिफ येथे २००८ मध्ये सर्दीच्या ३० रुग्णांना फळांचे एकच पेय गरम व खोलीच्या तापमानाला दिले गेले. गरम पेयाने घसा, थंडी वाजणे व थकवा यांत लगेच आराम वाटला, खोलीच्या तापमानाच्या पेयाने तो वाटला नाही. नाकातील हवेचा मोजलेला प्रवाह मात्र दोन्हीकडे बदलला नाही. त्या पेयात गवती चहा नव्हता.

कर्करोगाचा दावा : २००५ मध्ये इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातील संशोधकांनी सिट्रालमुळे काही कर्करोगपेशी काचपात्रात मरतात असे दाखवले. वापरलेली सिट्रालची संहती एक ग्रॅम गवती चहाच्या कपाइतकी होती, एवढ्या एका वाक्यावरून ‘रोज कपभर चहा, कर्करोग बरा’ ही बातमी जगभर गेली आणि भारतीय मोबाइलांवर अजून फिरते. कपातली संहती ही रक्तातली संहती नव्हे. प्यालेले सिट्राल शरीरात झपाट्याने मोडते आणि लघवीवाटे जाते. उपचार थांबवून हा चहा पिणे प्राणघातक ठरू शकते, हे स्पष्टच सांगितले पाहिजे.

मूत्रपिंडे व रक्त : नायजेरियात १०५ निरोगी व्यक्तींना पात्यांच्या २, ४ किंवा ८ ग्रॅम भुकटीचा चहा ३० दिवस रोज दिला गेला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मात्रा व कालावधीनुसार काहीशी घटली. त्याच प्रकल्पाच्या दुसऱ्या लेखात हिमोग्लोबिन व तांबड्या पेशी वाढल्याची नोंद आहे. हे ब्राझीलच्या निर्वाळ्याशी पूर्णपणे जुळत नाही. आठवड्यातून चार-दोन वेळा दोन-तीन पाती घालणाऱ्याने घाबरू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने मात्र रोजचा दाट काढा टाळावा.

त्वचा : ब्राझीलमध्ये शिबे या बुरशीजन्य रोगावर तेलाची प्राथमिक चाचणी झाली (२०१३). गुण आला, पण कीटोकोनॅझोलपेक्षा कमी.

पेयाचे तापमान : दक्षिण अमेरिकेतील माते हे दुसरे पारंपरिक पेय (आयलेक्स पॅराग्वेएन्सिस) नळीने कढत पितात. अन्ननलिकेच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दिसल्याने जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये गरम माते ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. २०१६ च्या फेरतपासणीत दोष वनस्पतीवरून तापमानावर आला : ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम कोणतेही पेय या वर्गात धरले गेले आणि फार गरम नसलेले माते त्यातून सुटले. आजारी माणसाला ‘कढत कढतच पी’ म्हणून काढा देण्याची आपली सवय या दृष्टीने तपासून पाहावी. काढा पाचेक मिनिटे निवू द्यावा.

जमीन व धूळ : हे गवत दूषित मातीतही तग धरते, राखेच्या ढिगांवर व खाणींच्या पडीक जमिनींवर ते मुद्दाम लावून पाहिले गेले आहे. जड धातू त्याच्या मुळांत जास्त साठतात, तरी काही अंश पात्यांत चढतो. तेल काढण्यासाठी अशी लागवड चालते, चहासाठी चालत नाही. उदाहरणार्थ, रायपूरला लागून असलेल्या बीरगांव, उरला व सिलतरा या पट्ट्यात पोलाद आणि स्पंज आयर्नचे कारखाने आहेत व त्यांची धूळ परसातल्या पानापाल्यावर बसते. खरखरीत, खाचांच्या पात्यांवरून ती नुसत्या खळबळण्याने जात नाही. अशा वस्तीतील मराठी कुटुंबांनी झुपका जमिनीत न लावता स्वच्छ मातीच्या कुंडीत, आडोशाला लावावा.

लागवड : पावसाळ्याच्या तोंडाशी ठोंब लावतात, पाणी साचू देऊ नये.

खबरदारी : अमेरिकेत खाद्यपदार्थांतील वापरासाठी ही वनस्पती सुरक्षित मानली गेली आहे. गरोदरपणी कधीमधी चहात पाते चालते. दाट काढा मात्र घेऊ नये, कारण सिट्राल व मिरसीन मोठ्या मात्रेत दिलेल्या प्राण्यांत अपाय आढळले आहेत. सिट्रालची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. लहान मुलांना वाफारा देताना कढत पाणी सांडून भाजण्याचा धोका मोठा असतो. वाळलेल्या पात्यांना कुबट वास आला तर ती टाकून द्यावीत. बाजारात बाटलीत मिळणारे तेल पोटात घेण्यासाठी नाही; ते चहात थेंबभरही घालू नये आणि मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.