बेरजेच्या वह्या आणि ‘बरा’ झालेला माणूस

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन (१८५६–१९२६) प्रयोगांसाठी छापील वह्या वापरत असे. पानभर एक-आकडी संख्यांच्या रांगा. समोरच्या माणसाने लगतच्या दोन संख्यांची बेरीज करीत पुढे जायचे आणि ठरावीक वेळाने खूण करायची. थकव्याने मन किती मंदावते, विश्रांतीने किती सावरते, हे त्या खुणांवरून मोजायचे. प्रयोगाची ही शिस्त त्याने लाइपझिगला विल्हेल्म वुंटच्या हाताखाली घेतली होती. याच वह्यांवरून बेतलेली चाचणी जपानमध्ये पुढे नोकरभरतीसाठी रूढ झाली.

या वह्यांचे मला कुतूहल वाटते, त्याचे कारण घरातले आहे. माझा थोरला भाऊ एका कचेरीत हिशेबनीस होता. तिशीत त्याला द्विध्रुवीय मनोविकार जडला. आधी उन्माद, मग महिनोन्महिने नैराश्य. औषध लागू पडले, लाट ओसरली, आणि ‘आता हे बरे आहेत’ असे सांगून डॉक्टरांनी त्याला कामावर पाठवले. दादा खरोखरच बरा दिसत होता. जेवत होता, झोपत होता, थट्टामस्करी करीत होता. पण रोजकीर्दीचा ताळा जुळेना. उभी बेरीज करताना हातचा विसरे, मध्येच कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. कचेरीत त्याला कामचुकार म्हणू लागले. घरात मी म्हणालो, “दादा, तू मनावरच घेत नाहीस.” तो काही बोलला नाही.

‘बरा’ या शब्दाचा अर्थ ठरला कुठे, याचा शोध मी पुष्कळ उशिरा सुरू केला.

उन्माद आणि विषाद ही एकाच आजाराची दोन रूपे आहेत, हे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील दोन वैद्यांनी जवळजवळ एकाच वेळी मांडले. फालरेने १८५१मध्ये ‘चक्राकार वेड’ ही कल्पना सांगितली, बायार्जेने १८५४मध्ये ‘दुहेरी रूपाचे वेड’. आधी कोण, यावरून दोघे कडकडून भांडले. त्या भांडणात आपल्याला पडायला नको. पुढे वर्चस्व राहिले ते क्रेपेलिनचे.

१८८६मध्ये तो डोरपाट (आजचे एस्टोनियातील तार्तू) येथे प्राध्यापक झाला. तिथल्या पुष्कळ रुग्णांची भाषा त्याला येत नव्हती. रुग्ण काय बोलतो यापेक्षा त्याचे पुढे काय होते, याकडे तो अधिकाधिक वळला. हायडेलबर्गला आल्यावर तो प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवू लागला: लक्षणे, निदान आणि अखेर काय झाले. त्यातूनच १८९९च्या सहाव्या आवृत्तीतली प्रसिद्ध विभागणी पक्की झाली. एका बाजूला ‘अकाली बुद्धिऱ्हास’, ज्याला पुढे स्किझोफ्रेनिया हे नाव पडले. त्यात बुद्धी खचत जाते. दुसऱ्या बाजूला ‘उन्माद-विषादाचे वेड’. त्यात लाटा येतात आणि जातात, माणूस पूर्ववत होतो.

या विभागणीने असंख्य कुटुंबांना धीर दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिची एक किंमत होती. बुद्धी शाबूत राहणे हीच या आजाराची ओळख ठरली. मग लाट ओसरल्यावर रुग्णाची स्मरणशक्ती तपासायची कशाला? क्रेपेलिन स्वतः सावध होता. हा आजार सहसा बुद्धी पार खचवत नाही, मात्र क्वचित एक सौम्य, वेगळ्याच जातीचा मानसिक दुबळेपणा मागे राहतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. १९२०च्या एका निबंधात तर त्याने आपल्या विभागणीच्या काटेकोरपणाबद्दलच शंका घेतली. पाठ्यपुस्तकांतून ‘सहसा’ गळाले, ‘नाही’ तेवढे उरले.

१९४९मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केडने उन्मादावर लिथियम वापरून पाहिले. हे औषध रुळल्यावर ‘डोके चालत नाही’ या तक्रारीला आयता आरोपी मिळाला. आरोप अगदीच खोटा नव्हता. मानसशास्त्रज्ञ के जेमिसन यांनी १९९५च्या आत्मकथनात लिथियम घेत असताना दहा वर्षांहून अधिक काळ गंभीर पुस्तक सलग वाचता आले नाही, असे नमूद केले आहे. उलट डॅनिश संशोधक मोगेन्स शू यांनी १९७९मध्ये लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना विचारले, तेव्हा १२ जणांचे काम वाढले होते, ६ जणांचे पूर्वीइतकेच होते आणि ६ जणांचे घटले होते. सगळे खापर गोळीवर फोडता येत नाही, एवढे यावरून दिसते.

लाट नसतानाच्या काळात पद्धतशीर मोजमाप करण्याला जोर आला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस. २००४मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी ४४ स्थिर रुग्ण, नैराश्यातले ३० व उन्मादातले ३४ रुग्ण आणि ३० निरोगी माणसे यांची तुलना प्रसिद्ध केली. शब्दांची यादी ऐकून ध्यानात ठेवणे, एका कामावरून दुसऱ्यावर मन वळवणे यांत स्थिर रुग्णही निरोगी माणसांच्या मागे होते. आणि ज्यांची शब्दस्मृती कमजोर, त्यांना रोजचे व्यवहार जास्त जड जात होते. हे सर्वांच्याच बाबतीत होत नाही. कित्येकांची बुद्धी तल्लख राहते. पण ज्यांच्या बाबतीत होते, त्यांच्या आळसाशी त्याचा संबंध नसतो.

२०१३मध्ये स्पेनमधूनच एका प्रशिक्षणाचे निष्कर्ष आले. २३९ रुग्ण, त्यांच्यापैकी एका गटाला आठवड्याला एक अशी २१ सत्रे. लक्ष, स्मरण आणि कामाची आखणी यांसाठी व्यवहारातल्या युक्त्या शिकवायच्या. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा या गटाचे दैनंदिन कामकाज अधिक सुधारले.

त्या युक्त्यांविषयी वाचताना मला दादाची जुनी खतावणी आठवली. बेरीज करताना तो पुढच्या ओळी पोस्टकार्डाने झाकायचा आणि दर पाचव्या ओळीशी पेन्सिलीचा बारीक ठिपका द्यायचा, म्हणजे कुणी हाक मारली तरी फार मागे जावे लागू नये. त्याला हे कुणी शिकवले नव्हते. वही घाण करतोस म्हणून साहेबांनी ते ठिपके त्याला खोडायला लावले होते. आता तो निवृत्त आहे. घरातल्या दुधाच्या कॅलेंडरवर दर पाचव्या तारखेला एक ठिपका असतो.