भोगवटा प्रमाणपत्र

भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे एखादी इमारत मंजूर नकाशाप्रमाणे व लागू नियमांनुसार बांधली गेली असून ती वापरण्यास योग्य आहे, असे नमूद करून स्थानिक नियोजन प्राधिकरणाने दिलेला दाखला होय. महाराष्ट्रातील शहरांमध्ये हा दाखला महानगरपालिका, नगरपरिषद किंवा विशेष नियोजन प्राधिकरण देते. बोलीभाषेत त्यास ‘ओसी’ असे म्हणतात. बांधकाम परवानगीपासून सुरू होणाऱ्या दीर्घ प्रक्रियेतील हा अखेरचा टप्पा असून तो पूर्ण झाल्याशिवाय इमारतीत राहणे किंवा तिचा अन्य वापर करणे नियमबाह्य ठरते.

शब्दार्थ

‘भोगवटा’ म्हणजे प्रत्यक्ष ताबा आणि उपभोग. महसुली व्यवहारात जमीन धारण करणाऱ्यास ‘भोगवटादार’ म्हणतात. सातबारा उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग १’ व ‘वर्ग २’ असे उल्लेख आढळतात. मात्र भोगवटा प्रमाणपत्राचा संबंध जमिनीच्या मालकीशी नसून इमारतीच्या वापरयोग्यतेशी आहे. काम संपल्याचा वास्तुविशारदाने दिलेला पूर्णत्वाचा दाखला आणि प्राधिकरणाने दिलेले भोगवटा प्रमाणपत्र हे दोन निरनिराळे दस्तऐवज आहेत.

कायदेशीर आधार

राज्यातील बांधकाम परवानगीचा मुख्य आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे. त्याच्या कलम ४४ नुसार अर्ज केला जातो व कलम ४५ नुसार तो मंजूर किंवा नामंजूर होतो. बृहन्मुंबईत मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३५३अ, तर इतर महानगरपालिकांत १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमातील कलम २६३ हे काम पूर्ण झाल्याची सूचना आणि वापराची परवानगी यांसंबंधी आहे.

इमारतीची उंची, चटई क्षेत्र, सामासिक अंतरे, जिन्यांची रुंदी, वाहनतळ इत्यादी तपशील विकास नियंत्रण नियमावलीत दिलेले असतात. मुंबईसाठी ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४’ लागू आहे. राज्याच्या बहुतांश इतर भागांसाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू करण्यात आली.

प्रक्रिया

१. नकाशा मंजुरी – मालक किंवा विकासक नोंदणीकृत वास्तुविशारद अथवा परवानाधारक व्यक्तीमार्फत नकाशे सादर करतो. त्यासोबत मालकीची कागदपत्रे व आवश्यक ना-हरकत दाखले जोडावे लागतात.

२. प्रारंभ प्रमाणपत्र – हे मिळाल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. परवानगीची मुदत एक वर्षाची असते व ती दरवर्षी अर्ज करून वाढवून घ्यावी लागते.

३. जोते तपासणी – इमारत जोत्यापर्यंत आल्यावर तिची जागा व मोजमापे नकाशाशी ताडून पाहिली जातात. पाया चुकीच्या जागी पडला असल्यास तो दोष याच वेळी उघड होतो. मजले चढल्यानंतर तो दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य असते. मुंबईत प्रारंभ प्रमाणपत्र सामान्यतः प्रथम जोत्यापर्यंत व नंतर पुढील कामासाठी दिले जाते.

४. पूर्णत्वाची सूचना – काम संपल्यावर वास्तुविशारद व संरचना अभियंता यांचे दाखले सादर होतात. अग्निशमन, उद्वाहन, मलनिःसारण, पाणीपुरवठा इत्यादींबाबतच्या अटींची पूर्तता दाखवावी लागते.

५. भोगवटा प्रमाणपत्र – प्रत्यक्ष पाहणीनंतर ते दिले जाते. इमारतीचा काही भागच पूर्ण असल्यास त्या भागापुरते ‘भाग भोगवटा प्रमाणपत्र’ मिळू शकते.

ग्राहकाचे हक्क

महाराष्ट्र सदनिका मालकीविषयक १९६३ च्या अधिनियमातील कलम ३ नुसार, जेथे असा दाखला आवश्यक आहे तेथे तो मिळण्यापूर्वी विकासकाने सदनिकेचा ताबा देऊ नये आणि ग्राहकानेही तो घेऊ नये. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ (रेरा) नुसार हे प्रमाणपत्र मिळवण्याची जबाबदारी विकासकाची आहे. ते मिळाल्यानंतर ग्राहकाने दोन महिन्यांच्या आत ताबा घ्यावयाचा असतो. बांधकामातील संरचनात्मक दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणल्यास ते विकासकाने विनामूल्य दूर करावेत, अशीही तरतूद आहे.

प्रमाणपत्र नसल्याचे परिणाम

अशा इमारतींना नियमित जलजोडणी मिळण्यात अडचणी येतात, पाणीपट्टी व मालमत्ता कर अधिक दराने आकारला जाऊ शकतो, तसेच सदनिकेची विक्री, गृहकर्ज व पुनर्विकास यांत अडथळे निर्माण होतात. त्रुटी बहुधा विकासकाची असते. तिची झळ मात्र आयुष्याची बचत घरात गुंतवलेल्या रहिवाशांना बसते.

महत्त्वाची प्रकरणे

कॅम्पा कोला संकुल, वरळी – १९८० च्या दशकात बांधलेल्या या संकुलातील सात इमारतींत मंजुरीपेक्षा अधिक मजले चढवण्यात आले. काम थांबवण्याची नोटीस देऊनही बांधकाम चालू राहिले. २७ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनधिकृत मजले नियमित करण्यास नकार दिला. पाडकामास मिळालेली तात्पुरती स्थगिती संपल्यानंतर जून २०१४ मध्ये त्या मजल्यांच्या पाणी, वीज व गॅस जोडण्या तोडण्यात आल्या.

शीळफाटा दुर्घटना – ४ एप्रिल २०१३ रोजी ठाणे जिल्ह्यात मुंब्र्याजवळ बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. अपुऱ्या अवस्थेतील या इमारतीत लोक आधीच राहावयास आले होते.

समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्था प्रकरण – मुंबईतील या संस्थेच्या सदस्यांना भोगवटा प्रमाणपत्राअभावी २५ टक्के अधिक मालमत्ता कर व ५० टक्के अधिक पाणीपट्टी भरावी लागत होती. ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र न मिळवणे ही सेवेतील त्रुटी असून तो निरंतर चालू राहणारा दोष असल्याचे मानले. त्यामुळे मुदतीच्या कारणावरून ग्राहकांची तक्रार फेटाळता येत नाही, हे स्पष्ट झाले.

मेरठ प्रकरण – १७ डिसेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशातील एका अनधिकृत बांधकामासंबंधी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. बांधकामस्थळी मंजूर नकाशा लावणे, ठरावीक काळाने तपासणी करणे, प्रमाणपत्रानंतरच ताबा व वीज-पाण्याच्या जोडण्या देणे आणि बँकांनी ते पाहूनच इमारतीवर कर्ज देणे, यांचा त्यांत समावेश आहे.

प्रमाणपत्रानंतरची जबाबदारी

भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याने तपासणीचे पर्व संपत नाही. २००६ च्या राज्य अग्निसुरक्षा अधिनियमानुसार, ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांनी अग्निरोधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावयाचा असतो. तसेच तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महानगरपालिका क्षेत्रात बंधनकारक आहे. नंतर केलेले फेरबदल, उदाहरणार्थ भारवाहक भिंत काढणे किंवा निवासी जागेचा व्यावसायिक वापर करणे, यांसाठी नव्याने परवानगी घ्यावी लागते.