चिंचणीचा ताम्रपट आणि वरोरचा रस्ता

डहाणू तालुक्यात समुद्रालगत वरोर नावाचे गाव आहे. रेल्वेने यायचे तर वाणगावला उतरावे लागते. मासेमारी, बागायत, शेती आणि घरोघरी चालणारे डायमेकिंगचे काम यांवर ह्या टापूचे पोट चालते. वरोरच्या एका अंगाला वाढवण आहे, दुसऱ्या अंगाला चिंचणी. वाढवणचे नाव बंदरामुळे गेली काही वर्षे वर्तमानपत्रांत सतत येते. चिंचणीचे नाव मात्र इतिहासाचे अभ्यासक सोडले तर फारसे कोणी घेत नाही. तेथे गेल्या शतकाच्या मध्यास काही ताम्रपट सापडले व दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. सार्वजनिक पैसा आणि त्याचा जाब ह्या विषयाकडे आम्ही वळलो ते ह्या ताम्रपटांमुळे.

त्यांतला सर्वांत जुना शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र तेव्हा गादीवर होता. संयान मंडलाचा, म्हणजे आजच्या संजाण परिसराचा, कारभार मधुमती सुगतिप नावाच्या अधिकाऱ्याकडे होता. तो ताजिक, म्हणजे अरब वंशाचा. ‘मधुमती’ हे ‘मुहम्मद’चे संस्कृत रूप असल्याचे अभ्यासक मानतात. त्याने दोन नद्यांवर फुकट नावा चालू केल्या आणि एक सत्र उघडले. तेथे येणाऱ्यास साळीचा भात, कालवण व तूप विनामूल्य मिळे. अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला त्याने राजाच्या संमतीने जमीन दिली. मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि तेथील विद्वानांचे अन्न हा त्या दानाचा हेतू होता.

वाहतूक, दानधर्म आणि विद्या! आजच्या अर्थसंकल्पात ही तीन खाती निरनिराळ्या पानांवर असतात. एक हजार वर्षांपूर्वी ती एकाच लेखात, एकाच अधिकाऱ्याच्या नावावर नांदत होती. मुसलमान अधिकारी, राष्ट्रकूट राजा आणि देवीची मठिका ह्या योगाचे कौतुक अनेकांनी केले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु साहित्याच्या विद्यार्थ्याने त्या लेखाचा घाटही पाहावा असे आम्हांस वाटते. दान कोणी दिले, कोणाच्या परवानगीने दिले, कोणाला दिले, कशासाठी दिले, हे सारे त्यात सांगितले आहे. अर्थात तो लेख निव्वळ स्तुतिपर नाही. त्याच्या पोटात एक दस्तऐवज आहे आणि पुढे तंटा उभा राहिला तर वाचून दाखवता यावा अशा बेताने तो लिहिला आहे.

तसा तंटा पुढे उभा राहिलाही. तिसऱ्या कृष्णाच्या काळातील दुसऱ्या ताम्रपटात हीच मठिका आणि भिल्लमालच्या व्यापाऱ्यांचे देऊळ यांच्यातील जमिनीच्या वादाची तडजोड नोंदवली आहे. मठिकेने देवळाला दरसाल ४० द्रम्म द्यावेत असे ठरले. पुढे इ.स. १०३४मध्ये शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज याने मठिकेला तेलाचा घाणा दिला. दिव्याचे तेलही कोठून यायचे ते लिहून ठेवणारी ही माणसे होती.

असे असले तरी ह्या जुन्या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. ताम्रपटांच्या लेखनपरंपरेत दानाचे रक्षण करण्याची विनंती पुढच्या राजांना केलेली असते आणि दान हिरावून घेणाऱ्याला नरकाची भीती घातलेली असते. जाब विचारायचा तो देवाने, आणि विचारायचा तोही पुढच्या राजाला! ज्याच्या नांगराखालची जमीन मठिकेकडे गेली, तो शेतकरी ह्या व्यवहारात कोठेच बोलत नाही. सत्रातले तूप कोणाच्या गोठ्यातून आले, हे ताम्रपट सांगत नाही. हिशेब होता, पण तो मागण्याचा अधिकार रयतेला नव्हता.

हा अधिकार आमच्याकडे केव्हा आला? आमच्या मते मराठी गद्याचा इतिहास आणि ह्या अधिकाराचा इतिहास एकमेकांत गुंतलेले आहेत.

पेशवाईत श्रावणमासी पुण्यात दक्षिणा वाटली जाई. दाभाड्यांनी तळेगावी चालवलेली ही प्रथा पहिल्या बाजीरावाच्या काळात पुण्यास आली आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळातही तिच्यावर लाखो रुपये खर्च होत. १८१८नंतर एल्फिन्स्टनने ती एकदम न मोडता आवरती घेतली आणि त्याच निधीच्या आधाराने १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९मध्ये लोकहितवादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला की दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनासाठी द्यावा. शहरात मोठा क्षोभ झाला. अर्जदारांना संरक्षण देण्यासाठी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिल्याचे चरित्रकारांनी नोंदवले आहे. सरकारने ३,००० रुपये मराठी ग्रंथांसाठी वेगळे काढले आणि दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ही कमिटी भाषांतरयुगाचे एक प्रकरण म्हणून येते व आम्हीही ते तसेच शिकवत आलो आहोत. पण त्या अर्जातील खरी नवी गोष्ट ग्रंथांपेक्षा वेगळी आहे. दक्षिणेचा पैसा घेणाऱ्यांचा नसून तो सर्व रयतेकडून आला आहे, म्हणून तो रयतेच्या उपयोगी पडला पाहिजे, हा विचार त्यामागे होता. दानाचा येथे प्रथमच ‘निधी’ झाला. दान देणाऱ्याला पुण्य मिळते. निधी देणाऱ्याला प्रश्न विचारता येतो.

पुढची पायरी पर्वतीवरची. पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयी तक्रारी वाढल्या आणि पंचांकडे जाब मागायचा तर लोकांच्या वतीने कोणी बोलायचे हा प्रश्न पडला. त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. ‘सार्वजनिक काका’ गणेश वासुदेव जोशी यांच्या ह्या सभेने पुढे दुष्काळ, शेतसारा आणि प्रतिनिधित्व अशा मोठ्या प्रश्नांना हात घातला. पण तिचे मूळ एका देवस्थानाच्या हिशेबात आहे, हे विसरू नये. ‘तुम्ही कोण विचारणारे?’ ह्या प्रश्नाला मुखत्यारपत्र हे उत्तर होते.

रस्त्यांची आणि शाळांची गोष्टही ह्याच काळातली. १८६३पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाऊ लागला. त्यातील दोन हिस्से रस्त्यांना आणि एक हिस्सा शाळांना. फुल्यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढे जे मांडले त्याचे सार एवढेच की सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे वळतो. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्येही लोकल फंडाचा हा विषय येतो. त्या पुस्तकाची भाषा प्रखर आहे असे आम्ही वर्गात सांगतो, पण त्या भाषेखाली जमाखर्च आहे हे सांगायचे राहून जाते.

रेल्वेचा हिशेब आणखी मोठा. वाणगावावरून जाणारी लोहमार्गाची वाट बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीने घातली; १८६४च्या अखेरीस ती मुंबईत पोहोचली. जमीन सरकारने फुकट दिली आणि भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमीही दिली. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघे. मग काटकसर कोण कशाला करील? सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात गणेश व्यंकटेश जोशी यांनी सरकारी आकडे घेऊनच ह्या खर्चाची चिरफाड केली. ते सरकारी शाळेत मुख्याध्यापक होते. १८९७मध्ये गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गेले तेव्हा जोशींच्या अभ्यासाचा त्यांना मोठा आधार होता. आमच्यासारख्या मास्तरांना हा पूर्वज मुद्दाम आठवावासा वाटतो.

स्वातंत्र्यानंतर जाब विचारण्याची साधने कायद्यात आली. नियंत्रक व महालेखापरीक्षक, लोकलेखा समिती, १९५०चा सार्वजनिक न्यास कायदा व धर्मादाय आयुक्त, राज्याचा २००२चा आणि केंद्राचा २००५चा माहितीचा अधिकार, ही यादी लहान नाही. परंतु साधने असली म्हणजे प्रश्न सुटतोच असे नाही. १९८१मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी स्थापन केलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाचे प्रकरण उघडकीस आले. साहित्य व कला यांना साहाय्य हा प्रतिष्ठानाचा जाहीर हेतू. त्याच्या देणग्यांचा सिमेंटवाटपाशी संबंध असल्याचा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी १९८२मध्ये काढला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. फौजदारी खटल्याचे वाद त्यापुढेही अनेक वर्षे सर्वोच्च न्यायालयात चालू राहिले. लेखक-कलावंतांच्या नावाने जमलेल्या पैशाबद्दल पहिला प्रश्न वृत्तपत्रांनी आणि राजकीय कार्यकर्त्यांनी विचारला, ही गोष्ट साहित्यव्यवहाराने मनात ठेवावी अशी आहे.

डिसेंबर २०२२मध्ये उलट दिशेचे उदाहरण घडले. कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार सरकारने काही दिवसांतच रद्द केला व निवड समितीही बरखास्त केली. काही लेखकांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. पैसा जनतेचा आहे म्हणून सरकारने जनतेला जाब द्यायचा. त्याऐवजी पैसा सरकारचा आहे म्हणून लेखकाने सरकारला जाब द्यायचा, असा तो व्यवहार झाला. दक्षिणेचे पुन्हा दान झाले म्हणा ना.

आता पुन्हा वरोर. २० जून १९९१च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील त्या प्राधिकरणाने १९९८मध्ये वाढवण बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी नव्या प्रस्तावाला सशर्त मान्यता दिली. तेव्हा धर्माधिकारी हयात नव्हते. एप्रिल २०२४मध्ये उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. ७४ टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा, २६ टक्के महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा. टर्मिनले खासगी भागीदारीतून. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. बंदराला राष्ट्रीय महामार्गाशी जोडणारा सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता वरोरपासून तव्यापर्यंत आखला आहे.

बंदर हवे की नको, ह्यावर ह्या गावांत मतभेद आहेत आणि त्यावर निवाडा देण्याचा अधिकार आम्ही आमच्याकडे घेत नाही. देशाला बंदरे लागतात, रोजगारही लागतो. पण हिशेबाविषयी बोलण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाचा आहे. १९९८च्या नकाराची कारणे आणि २०२३च्या मान्यतेची कारणे मराठीत, एकाशेजारी एक छापून, वरोरच्या ग्रामपंचायतीत वाचून दाखवता येतील का? ज्या कोळ्याचे मासेमारीचे क्षेत्र भरावाखाली जाईल त्याच्या नुकसानीचा आकडा कोणत्या रकान्यात धरला आहे? सुगतिपाने नदीपार नेण्याचे पैसे घेतले नाहीत. आज पार नेले जाण्याची किंमत काठावरच्याच माणसाने का द्यावी, ह्याचे लेखी उत्तर त्याला मिळाले पाहिजे.

चर्चासत्राच्या अनुदानासाठी उपयोगिता प्रमाणपत्र भरताना चहाच्या पावतीपर्यंत सारे जोडावे लागते, हा अनुभव आम्हां प्राध्यापकांना नवा नाही. आम्ही कुरकुरतो, पण ती पद्धत रास्तच आहे. काही हजारांना लागू होणारा हा नियम हजारो कोटींना, तेवढ्याच सोप्या भाषेत, लागू व्हावा इतकेच मागणे आहे.

त्यासाठी साहित्याच्या वर्गात एक गोष्ट करता येईल. शासननिर्णय, लेखापरीक्षण अहवाल, जनसुनावणीचे इतिवृत्त हे मजकूरच आहेत. कर्ता कोठे लपवला आहे, कर्मणी प्रयोग कोणाच्या सोयीसाठी आला आहे, कोणाचे नाव यादीत नाही, हे ओळखण्याचे शिक्षण आपणच देतो. ते कवितेपुरते का ठेवावे? चिंचणीच्या ताम्रपटात शेतकरी बोलत नाही, हे आम्हांला एक हजार वर्षांनंतर दिसले. वरोरच्या रस्त्याच्या कागदात कोण बोलत नाही, हे पाहायला इतकी वर्षे लागू नयेत.