जेमिनिड उल्कावर्षाव: 'तासाला दीडशे' म्हणजे नक्की किती?

दरवर्षी १३-१४ डिसेंबर जवळ आला की "आज रात्री तासाला १५० उल्का" असे मेसेज फिरायला लागतात. लोक गच्चीवर जातात, अर्ध्या तासात दोन दिसतात आणि वैतागून खाली येतात. आकडा खोटा नसतो, फक्त तो आपल्या गच्चीसाठी काढलेला नसतो.

हा आकडा म्हणजे 'झेडएचआर', म्हणजे आदर्श परिस्थितीतला ताशी दर. त्यात दोन गोष्टी गृहीत धरतात. उल्का जिथून येतात असं भासतं तो उगमबिंदू बरोबर डोक्यावर आहे, आणि आकाश इतकं काळं आहे की ६.५ प्रतीचे अंधुक तारेही नुसत्या डोळ्यांनी दिसतात. प्रत्यक्षात दोन्हींत कपात होते.

आधी उंची बघू. जेमिनिडचा उगमबिंदू मिथुन राशीत, पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांपैकी कॅस्टरजवळ आहे. मुंबई-पुण्याकडून तो रात्री पावणेआठच्या सुमारास उगवतो. दहा वाजता साधारण ३० अंशांवर असतो, तेव्हा दर निम्माच मिळतो. रात्री अडीचच्या आसपास तो जवळजवळ डोक्यावर येतो. म्हणून मी तरी जेवून झोपतो आणि एकचा गजर लावतो.

खरी मोठी कपात उजेडाची. बहुतेक उल्का अंधुकच असतात, त्यामुळे आकाश थोडं उजळलं की आधी त्याच गायब होतात. जिथे ४.५ प्रतीपर्यंतचेच तारे दिसतात (शहराच्या कडेला असतं तसं), तिथे दर सुमारे एक सप्तमांश उरतो, म्हणजे दीडशेचे वीस-बावीस. भर शहरात याहून कमी. शिवाय आपण एका वेळी आकाशाचा एक तुकडाच बघतो, ते वेगळंच.

चंद्राचं गणित त्यासाठीच. जेमिनिडची तारीख पृथ्वीच्या कक्षेवर ठरते, त्यामुळे तिथी दरवर्षी बदलते. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघा: शुक्ल पंचमी-षष्ठीपर्यंत चंद्र मध्यरात्रीच्या आत मावळतो, अमावास्येजवळ प्रश्नच नाही, पौर्णिमेजवळ मात्र पंचाईत. २०२६ मध्ये अमावास्या ९ डिसेंबरला आहे, म्हणजे उत्तररात्र पूर्ण अंधारी.

ऑगस्टमधल्या पर्सिड्सचं जगभर कौतुक होतं, पण आपल्याकडे तेव्हा पावसाळी ढग. डिसेंबरचं आकाश स्वच्छ असतं, हा आपला फायदा. अडचण धुक्याची. थंड जड हवा दरीत उतरून साचते आणि शेकोट्यांचा धूरही तिथेच अडकतो. म्हणून धरणाकाठापेक्षा किंवा नदीखोऱ्यापेक्षा उंच पठार चांगलं. पहाटे पहाटे दवही पडतं; कॅमेऱ्याची काच मधूनमधून पुसावी लागते.

दुर्बीण नको. ती आकाशाचा इवलासा तुकडा दाखवते आणि उल्का नेमकी त्याच्या बाहेर पडते! चटईवर पाठ टेकून पडा आणि सर्वांत काळोखी बाजू बघा. उगमबिंदूकडेच टक लावू नका, तिथल्या उल्का आखूड दिसतात. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात, आणि एकदा मोबाईल उघडला की ती मेहनत बऱ्यापैकी वाया जाते. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. फोटो हवाच असेल तर फोन ट्रायपॉडवर ठेवा, १५-२० सेकंदांचं एक्स्पोजर लावून फोटो एकामागून एक आपोआप निघू द्या, आणि स्क्रीनकडे पाठ करा.

जाता जाता एक गंमत: बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे, पण जेमिनिडचा उगम फेथॉन नावाच्या लघुग्रहात मानतात. तो १९८३ मध्ये आयरास या उपग्रहाच्या निरीक्षणांतून सापडला. त्याचे कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येतात, पर्सिड्सचे जवळपास ५९. त्यामुळे जेमिनिड जरा सावकाश सरकते, आणि "ती बघ!" म्हटल्यावर शेजारच्यालाही कधीकधी ती सापडते.