गळाचें आमिष : मुळा नदीच्या मत्स्येतिहासाचीं कांहीं साधनें

स्वाऱ्या, तह, वतनें व निवाडे यांचे कागद आजवर पुष्कळ जमा झाले. परंतु नदीच्या डोहावर गळ टाकून बसणारा मनुष्य त्या कागदांत क्वचितच आढळतो. वस्तुतः कोणत्या माशास कोणतें आमिष रुचतें ही विद्या फार जुनी असून तिला नऊशें वर्षांचा लेखी आधार आहे. मुळशी तालुक्यांतून वाहणारी मुळा नदी डोळ्यांपुढें ठेवून त्या विद्येचीं उपलब्ध साधनें एकत्र मांडावीं, व तीं संग्राहकांच्या नजरेस कां यावींत तें सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. संस्कृतांत ‘आमिष’ म्हणजे मांस. ‘सामिष’ व ‘निरामिष’ हे शब्द त्याच अर्थाचे. गळास मांसाचा तुकडा लावीत, त्यावरून गळास लावावयाच्या कोणत्याहि पदार्थास, व पुढें लक्षणेनें कोणत्याहि लालुचीस, आमिष हें नांव पडलें. गळास संस्कृतांत ‘बडिश’ म्हणतात. मराठींत तो शब्द रुळला नाहीं. मात्र ‘आमिष दाखविणें’ व ‘गळाला लागणें’ हे प्रयोग ज्यांनीं कधीं मासा धरिला नाहीं त्यांच्याहि तोंडीं आहेत. व्यवसाय कागदावर आला नाहीं तरी भाषेंत मुरला, याचें हें उत्तम उदाहरण होय.

या विषयावरील आपल्याकडील सर्वांत महत्त्वाचें साधन म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’. शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमारास रचिलेल्या या ग्रंथाचे प्रत्येकीं वीस अध्यायांचे पांच भाग आहेत. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडणाच्या वेळीं ओवी गातात, हा उल्लेख याच ग्रंथांतला असल्यामुळें मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस तो परिचित आहे. परंतु त्याच ग्रंथांतील ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणाकडे आपल्या लोकांनीं तितकेंसें लक्ष दिलें नाहीं. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं इ. स. १९५१ मध्यें एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत त्याचें विवेचन केलें, तेव्हां कोठें तें विद्वानांसमोर आलें.

या प्रकरणांत समुद्रांतील व नदींतील, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, थोर व लहान असे भेद करून सुमारें ३५ जातींचे मासे सांगितले आहेत. परंतु खरें वैशिष्ट्य निराळेंच आहे. गळ टाकण्यापूर्वीं माशांना चारून पुष्ट कसें करावें, हें सोमेश्वर विस्तारानें सांगतो. म्हणजे त्याच्या पद्धतींत आधीं चारा व मग गळ असा क्रम आहे. मासा ठराविक जागीं नित्य येऊं लागला, तेथील अन्नास सरावला, म्हणजे तेंच अन्न गळास लागलेलें त्यास संशयास्पद वाटत नाहीं. आमिषाचें सामर्थ्य त्या पदार्थांत नसून माशाच्या संवयींत आहे, हें तत्त्व या राजानें ओळखलें होतें.

दुसरें साधन थेट आमच्या नदीचें आहे. मुंबई सरकारनें इ. स. १८२४ मध्यें विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनची माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमिलें. त्यानें गांवोगांव हिंडून जमविलेल्या माशांचें वर्णन इ. स. १८३८ मध्यें लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढें ठेविलें व तें पुढील सालीं छापून निघालें. विशेष हें कीं, अनेक माशांना त्यानें लोकांच्या तोंडचींच नांवें शास्त्रीय नांवें म्हणून कायम केलीं. पुण्याच्या पूर्वेस आठ मैलांवर ‘मोटा मोला’ नदींत, म्हणजे मुळा-मुठेंत, मिळालेल्या मोठ्या माशास त्यानें ‘खुद्री’ म्हटलें. तोच आपल्याकडील खडशी, अर्थात् दख्खनचा महासीर. नाकाशीं खांच असलेल्यास ‘नकटा’, शिंगांसारखे कांटे असणाऱ्यास ‘शिंगटी’, आणि ‘मळ्या’ हीं नांवें आजहि जगभरच्या शास्त्रज्ञांच्या लेखणींतून जातात. मोल्सवर्थचा मराठी कोश इ. स. १८३१ चा, साइक्सची भ्रमंती त्याच्याच अलीकडचीपलीकडची. मराठी शब्दसंग्रहाचीं हीं दोन समकालीन साधनें शेजारीं ठेवून वाचण्याजोगीं आहेत.

खडशीचे जबड्यांत दांत नसतात, ते घशांत असतात. लहान मासे, खेकडे, शिंपले, किडे व पाण्यांत पडणारीं उंबरासारखीं फळें, सर्व कांहीं तो खातो. त्यामुळें त्याचीं आमिषेंहि नाना प्रकारचीं. मावळांत गळास गांडूळ लावणें ही नित्याची रीत; कावेरीकांठीं या जातीसाठीं नाचणीच्या पिठाचा शिजविलेला गोळा प्रसिद्ध आहे. शब्दार्थानें पाहतां हें ‘निरामिष आमिष’ झालें!

इंग्रजांनीं या विद्येंत निराळा पदार्थ आणिला. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यानें इ. स. १८७३ मध्यें मंगळूर येथें ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. महासीराच्या शिकारीचा तो आद्य इंग्रजी ग्रंथ म्हणावयास हरकत नाहीं. मेलेला लहान मासा दोरीनें ओढून पाण्यांत फिरता ठेवावयाचा, किंवा धातूचा चकचकीत चमचा त्याच्या जागीं लावावयाचा, या रीती गोऱ्या शिकाऱ्यांनीं येथें रूढ केल्या. अशा चमच्याची सनद अमेरिकेंत ब्यूएल नांवाच्या गृहस्थानें इ. स. १८५२ मध्यें घेतली होती, व त्या देशांत ‘बास’ नांवाच्या माशासाठीं अशीं कृत्रिम आमिषें शेंकड्यांनीं निघालीं. चमच्यांत खाण्याजोगें कांहीं नसतें. पळणाऱ्या माशाचा भास तेवढा असतो. सोमेश्वर माशाच्या संवयीस धरितो, तर चमचेवाला त्याच्या झडपेस. आमच्या मतें दोन्ही पद्धतींतील खरा भेद हाच होय.

आतां मुळशीचें. मुळा व निळा यांच्या संगमाच्या परिसरांत टाटा कंपनीनें धरणाचें काम आरंभिलें, तेव्हां इ. स. १९२१ मध्यें मावळ्यांनीं सत्याग्रह केला. सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं तो इ. स. १९२४ पर्यंत चालला; परंतु गांवें व भातखाचरें अखेर बुडालीं. पाणी सह्याद्रींतून पश्चिमेस भिरा येथें नेऊन विजेस लाविलें गेलें. बुडालेल्या जमिनीची चर्चा पुष्कळ झाली आहे. नदीची फारशी झाली नाहीं. पावसाळ्यांत प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या माशांस भिंतीनें वाट उरली नाहीं, आणि वाहत्या पाण्याच्या डोहांची जी नेमकी ओळख गांवकऱ्यांस होती ती तलावाच्या पाण्यांत निरुपयोगी झाली.

पुढील हकीकत संग्राहकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. टाटांच्या लोणावळें येथील केंद्रांत इ. स. १९७० नंतर या महासीराची कृत्रिम पैदास यशस्वी झाली व तीं पिल्लें कावेरींतहि सोडण्यांत आलीं. कावेरींत मूळचा कुबडाचा महासीर निराळा होता. साइक्सनें घोड नदीवर शिरूर येथें दिलेलें ‘मसुल्ला’ हें नांव कित्येक वर्षें त्यास चुकीनें लावलें जात होतें, इ. स. २०१८ मध्यें त्याचें खरें शास्त्रीय नांव निश्चित झालें, व त्याच सालीं तो नष्टप्राय म्हणून नोंदला गेला. सोडलेला मासा वाढत गेला व मूळचा घटत गेला, हें कशावरून सिद्ध झालें? कोणत्याहि सरकारी दप्तरावरून नव्हे. गलिबोरे येथील गळाच्या शिकाऱ्यांच्या तळावर इ. स. १९९८ ते २०१२ पर्यंत कोणता मासा लागला याच्या ज्या नोंदी ठेवल्या होत्या, त्यांवरून इ. स. २०१५ मध्यें संशोधकांनीं तो निष्कर्ष काढिला.

शिकाऱ्याच्या वहीची किंमत ती ही. एका नदीचा इतिहास अशा क्षुद्र मानिलेल्या कागदांत राहतो, व तसा कागद नसेल तेथें जात नष्ट झाल्याचें वर्तमानहि उशिरा कळतें. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, मावळांतील घराण्यांचे रुमाल सोडतांना डोहांचीं नांवें, माशांवरील हक्क, भोई व कोळी यांचे कज्जे, किंवा जुन्या शिकारवह्या आढळल्यास त्या किरकोळ म्हणून बाजूस टाकूं नयेत. धरणाखालीं गेलेल्या गांवांच्या दप्तरांत असा एखादा कागद निघाला, तर बुडालेल्या मुळेचें तेवढेंच एक पान वर येईल.