'एकवीस' आणि 'वीस एक' : संख्यानामांचा इतिहास आणि बालकांचे गणित

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकावरून महाराष्ट्रात वाद उद्भवला. 'एकवीस, बावीस' या रूढ संख्यानामांच्या जोडीने 'वीस एक, वीस दोन' असे वाचन त्यात देण्यात आले होते. वृत्तपत्रांपासून विधानसभेपर्यंत या प्रश्नाची चर्चा झाली, तशी चेष्टाही झाली. परंपरागत संख्यानामे लोप पावतील, ही आक्षेपकांची भीती होती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर (निधन २०२३) यांची भूमिका अध्यापनाची होती : जुनी नावे काढलेली नाहीत, जोडाक्षरांनी बिचकणाऱ्या मुलांसाठी एक सोपी वाट जोडली आहे. हा वाद समजून घेण्यासाठी संख्यानामांचा भाषिक इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

संस्कृतातील 'द्वाविंशति', 'द्वात्रिंशत्' ही रूपे ऐकताच त्यांचे घटक ओळखता येतात. प्राकृतातून मराठीत येताना झालेल्या ध्वनिपरिवर्तनांमुळे ही पारदर्शकता हरपली. बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी या शब्दांत 'दोन' हा घटक प्रत्येक वेळी वेगळे रूप घेतो; 'पन्नास' हा 'बावन्न' आणि 'छप्पन्न' यांत ओळखूही येत नाही. एकक आधी आणि दशक नंतर उच्चारण्याचा क्रम संस्कृतापासूनचाच आहे. अंकलेखनाचा क्रम मात्र त्याच्या उलट. 'पंचवीस' ऐकणारे मूल पाच आधी ऐकते आणि दोन आधी लिहिते. 'एकोणतीस' या शब्दात तर ऐकू येतात एक आणि तीस, लिहायचे असतात दोन आणि नऊ. येथे 'एकोन' म्हणजे एकाने उणे, ही व्युत्पत्ती अभ्यासकाला आनंद देते. सात वर्षांच्या मुलाला ती कोणी सांगितलेली नसते.

द्राविड भाषांतील रचना याहून भिन्न आहे. तमिळमधील 'इरुबत्तैंदु' आणि कन्नडमधील 'इप्पत्तैदु' यांत वीस आधी व पाच नंतर येतो. अर्थात त्याही भाषा सर्वथा नियमित नाहीत. तमिळमध्ये नव्वदासाठीच्या 'तोण्णूरु' या शब्दात शंभराचा वाचक 'नूरु' दडलेला आहे. तरीही उच्चार आणि अंकलेखन यांचा क्रम तेथे जुळतो. म्हणजे 'वीस एक' ही रचना भारतीय भाषांना परकी नव्हती.

भारताबाहेरचे एक उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. नॉर्वेमध्ये १९५१ साली 'एक आणि वीस' या वाचनाऐवजी 'वीस एक' हे वाचन अधिकृत करण्यात आले. त्यामागे दूरध्वनी क्रमांक अचूक सांगण्याची व्यावहारिक गरज होती. शाळांनी नवा क्रम शिकवला. बोलीतून जुना क्रम मात्र आजही गेलेला नाही. सरकारी निर्णयाने शब्द पुसले जात नाहीत, आणि केवळ चेष्टेने अडचणही दूर होत नाही, हे यावरून दिसते.

महाराष्ट्रातील वादात एक घटक मात्र जवळपास अनुपस्थित राहिला. गोंडी ही द्राविड आणि कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. या भाषा घरी बोलणारी मुले मराठी शाळेत येतात तेव्हा मराठी हीच त्यांना नवी असते. मराठी घरातील मुलाच्या कानावर 'त्रेसष्ट', 'एकोणऐंशी' हे शब्द शाळेपूर्वीच पडलेले असतात. या मुलांना संख्येची संकल्पना आणि तिचे अपारदर्शक नाव ही दोन्ही ओझी एकदम उचलावी लागतात. नाव आठवले नाही, तर मोजता येत नाही असा शिक्का बसतो. वास्तविक दोन दशक आणि पाच सुटे यांचे ज्ञान त्या मुलाजवळ असू शकते.

'आपली' संख्यानामे जपण्याच्या आग्रहात हा 'आपण' कोणाकोणाचा, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा ठरतो. 'बावन्न' आणि 'एकोणतीस' हे शब्द दोन सहस्रकांहून अधिक काळाच्या भाषिक प्रवासाचे अवशेष आहेत आणि ते टिकलेच पाहिजेत. परंतु वारसा हा वर्गाच्या दारातील उंबरठा ठरू नये. पाठ्यपुस्तकाने दोन्ही नावे शेजारी ठेवली होती. 'वीस दोन' म्हणत आत आलेले मूल पुढे 'बावीस'पर्यंत पोहोचू शकते. दाराबाहेर राहिलेल्या मुलाला तो वारसा कधीच मिळत नाही.