कलाभवनातला विद्यार्थी

मुलगा 'सिनेमाची पदवी घेतो' म्हणाला, की आपल्याकडे आजही घरात शांतता पसरते. अशा वेळी बडोद्याचे कलाभवन आठवावे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापलेल्या या शाळेत उद्योगविद्या देशी भाषेतून शिकवीत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले धुंडिराज गोविंद फाळके पुढे इथे छायाचित्रण शिकले. ल्युमिएर बंधूंचा खेळ १८९५ चा. सिनेमाच नव्हता, तर पदवी कुठली! पण हात तयार झाला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. गुजराती मुलखातल्या मराठी राजाच्या शाळेची ही पुण्याई. सिनेमाची सरकारी संस्था पुण्यात, 'प्रभात'च्या आवारात, निघायला मात्र १९६० उजाडले. मुलाला नाही म्हणण्यापूर्वी एवढे ध्यानात असावे.